कडी शाबूत आहे

४ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर माझा आवाज जरा बसका लागला तरी तुझे कान टवकारतात आणि तू तडक निघतोस. आधीच सांगते, आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक नाही ती व्हॅन.

मंगळवारी यांना कामावर, शिंप्याच्या दुकानात, सोडायला निघाले आणि ती वळणावर बंद पडली. तोंड भिंतीला, शेपूट रस्त्यावर. यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी तू मागे बसवलेला रॅम्प सोडून यांना कडेला उतरवलं, रॅम्प उचलून पुन्हा बंद केला आणि बंद गाड्या ओढून नेणाऱ्या मदतवाल्या कंपनीला फोन लावला. टोचनवाला आला तेव्हा मी मागच्या गाड्या वळवत होते. त्या बाबाने हूक अडकवला तो रॅम्पच्या कडीत, आणि दिला हिसका! रॅम्प वाकला, बिजागऱ्या तळाच्या पत्र्यासकट उपसून आल्या. इंजिनाचं दुखणं म्हणजे एक तुटलेली वायर निघाली. ती लगेच जोडून झाली.

भरपाई मागितली, तर कंपनी म्हणते, रॅम्प मूळ गाडीचा नाही, पत्राही आधीचाच गंजका असणार. आता काय करू ते कळव. वहिनींना नमस्कार. माया पाठव, सल्ला थोडा कमी चालेल.

तुझी
टकळी


९ फेब्रुवारी

चि. सौ. टकळीस,
अ. उ. आ.

सल्ला कमी मिळणार नाही. व्हॅनला हात लावू नकोस. एक टाकासुद्धा मारू देऊ नकोस. लॉऱ्या धुण्यापासून सुरुवात करून मी वर्कशॉप उभं केलं, त्यात एवढं शिकलो: मोडलेली वस्तू जोपर्यंत मोडलेली आहे तोपर्यंतच ती साक्ष देते. त्यांचा तपासनीस येऊन बघू दे. पत्रा गंजलेला नव्हता. बसवण्याआधी मी बोटाने वाजवून बघितला होता, घंटेसारखा बोलला होता.

त्यांच्या ऑफिसात मी रोज फोन करतोय. पोरीने फोनवर हात ठेवला, तरी परत तोच म्हातारा आहे असं शेजारणीला सांगितलेलं मला ऐकू आलं. मी तिला म्हटलं, म्हातारा उद्याही आहे.

एक सांग, कडी कुठून सुटली? माझं वेल्डिंग गेलं का? दाजींना नमस्कार, थोडा धीर धरा म्हणावं. लोभ आहेच, गंजणार नाही.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कडी शाबूत आहे. तेवढंच शाबूत आहे म्हण.

तपासनीस आज येतो, उद्या येतो. व्हॅन दारात लुळी पडली आहे आणि हे खिडकीत. टॅक्सीत बसवायला दोन माणसं मिळतील, पण पोत्यासारखं उचलून घेणार नाही, हे यांचं जुनंच. दुकानात यांच्या कापायच्या टेबलावर मालकांनी तात्पुरता एक कारागीर बसवला आहे. काल मालक भेटायला आले, चहा घेतला, घाई करू नका म्हणाले. ते इतकं गोड म्हणाले की यांची जागा गेली असंच मला वाटलं. ते गेल्यावर यांनी कात्री कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. आजारपणातसुद्धा ती उशाशी असायची.

आता कंपनीने नवीन काढलंय. म्हणे तुमच्याच माणसाने हूक तिथे लावायला सांगितला. यांना विचारलं, तर हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. दादा, मला जिंकायचं नाहीये. मला यांना दाराबाहेर काढायचंय. तुझ्याकडे मशीन आहे, तू एका दिवसात जोडशील. येतोस का?

दमलेली
टकळी


२५ फेब्रुवारी

चि. सौ. टकळीस,
अ. उ. आ.

आता तर मुळीच जोडणार नाही. आधी गंज म्हणाले, आता आपलाच माणूस म्हणतात. चोराच्या उलट्या बोंबा! आज मी टाका मारला की उद्या ते म्हणतील, काही मोडलंच नव्हतं. दाजी का बोलतील? भला माणूस, भांडणाचा त्यांना कंटाळा.

तुझी वहिनी म्हणते, मी रॅम्पसाठी नाही, नाकासाठी भांडतोय. आठवडाभर कळ काढ.

तुझा
दादा


४ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तपासनीस येऊन गेला. सोबत टोचनवाल्यालाही आणलं होतं. पन्नाशीचा माणूस, टोपी हातात चुरगळत उभा. त्याने तेच सांगितलं, की खुर्चीतल्या साहेबांनी कडी दाखवली. मी तोंडाचा पट्टा सोडणार तेवढ्यात हे म्हणाले की खरं आहे.

त्याला पुढे जाऊन गाडीखालचा हूक शोधायला जागा नव्हती. तो घुटमळत होता, तेव्हा यांनीच सांगितलं म्हणे, की त्या कडीला लाव, माझ्या मेहुण्यांच्या हातची आहे, हत्ती टांगला तरी सुटायची नाही. इतके दिवस गप्प का, असं मी चिडून विचारलं. तर म्हणाले, दादांच्या कामाचं कौतुक केलं आणि त्यातच दादांचं काम मोडलं, हे कोणत्या तोंडाने कळवू?

तपासनीस म्हणाला, कोणी काही सांगो, रॅम्पला टोचन लावायचं नसतं हे त्यांच्या माणसाला कळायला हवं होतं. अर्धा खर्च द्यायला तयार आहेत. पण भांडण मिटलं असं लिहून द्यावं लागेल. कागद टेबलावर पडला आहे. तू म्हणशील तसं. माझ्यात आता रागावण्याचंही त्राण नाही.

तुझी
टकळी


८ मार्च

चि. सौ. टकळीस,
अ. उ. आ.

सही करून टाक.

पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं. हत्तीचं वाक्य तिने मला दोनदा वाचून दाखवलं. उभा जन्म गिऱ्हाइकांनी माझ्या कामाची घासाघीस केली. भर रस्त्यात, परक्या माणसासमोर माझ्या टाक्याला जामीन राहिलेला हा पहिलाच. आणि त्याच माणसाला मी महिनाभर खिडकीत बसवून ठेवलं.

रविवारी सकाळी मशीन घेऊन येतो. पत्रा नवा, बिजागऱ्या नव्या. कडी तीच राहील. तिच्याखाली पांढऱ्या रंगाने लिहिणार आहे, येथे ओढू नये. दाजींना अक्षर लागतं का तेवढं विचारून ठेव.

सोमवारी त्यांना दुकानात मी सोडेन. त्या तात्पुरत्या कारागिरासमोर रॅम्प मुद्दाम जरा जोरात आपटेन, म्हणजे टेबलाचा धनी आला हे कळेल. कात्री कपाटातून काढायला सांग.

बाकी भेटीत. ओरडायचं असेल तर दम साठवून ठेव.

तुझा
दादा