गावाचं नाव लावलेला माणूस

तबाऊंग शुद्ध २

—आणि हातातला खडू मोडला. जत्रा कमिटीचे म्हातारे ऊ छिट पे वर्गाच्या खिडकीतून कमरेपर्यंत आत आले होते. "सयामा! अहो मास्तरीणबाई! येतोय! पौर्णिमेच्या जत्रेला येतोय! खुद्द ओशीगोन ओन शेइन! कमिटीला तार आली!" मुलांनी बाकं बडवली. मी पाठ फिरवून अर्धं राहिलेलं अक्षर पुरं केलं. वाकडं आलं. तसंच राहू दिलं.

संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती तीळ पाखडत होती.

"कोण ओन शेइन?" रोज रेडिओवर ऐकते, तरी!

"आपला थुन न्यो, मावशी."

सूप थांबलं नाही.

शुद्ध ३

आमचं गाव म्हणजे एक पॅगोडा, दोन तेलघाण्या आणि ताडाची झाडं. बस थांबते ती ड्रायव्हरला पाणी प्यायचं असतं म्हणून. पण इथून जाऊन कलेत नाव काढलं की गावाचं नाव आपल्या नावाआधी लावायचं. रीतच आहे. कठपुतळीवाले ओशीगोन सेइन च्वे युद्धाआधी गेले. वीणावाली ओशीगोन खिन सू यांगोनला असते, बोटं आखडली म्हणतात. आणि हा, रेडिओवरचा गायक; नाटकमंडळीबरोबर गावातून एकटा थुन न्योच गेला, मग दुसरा कोण असणार? बाहेर लोकांना वाटतं, ओशीगोन हे माणसाचं नाव! यांगोनला शिक्षकांच्या शिबिरात एक बाई म्हणाली, "तुमच्या गावाला त्या गायकाचं नाव दिलंय का हो?"

मी हो म्हणाले.

शुद्ध ५

मावशी चिरूट पेटवून बसली आणि सुरू झाली.

"थुन न्यो शनिवारचा. मी त्याच्या आईच्या उशाशी होते. वारावरून नावाचं अक्षर ठरतं, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि हे काय? ओशीगोन! ओन! पहिलं अक्षर रविवारचं. शनिवारच्या माणसाला असलं नाव कुठला ज्योतिषी देईल गं?"

"नाटकवाल्यांचं वेगळं असतं."

"वेगळं असतं! वार बदलून मिळतो काय त्यांना?"

मला ऐकायचं नव्हतं. उठून भांडी घासली. घासलेलीच.

शुद्ध ६

रेडिओवर पुन्हा तेच गाणं. 'विहिरीला आधी नाव सांगते, मग पाणी मागते.'

माझी लहानपणापासूनची खोड. पोहरा सोडायच्या आधी आत वाकायचं, आपलं नाव सांगायचं. कुणाला ठाऊक नव्हती. एकाच माणसाने ऐकलं, चिंचेमागून. हसला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानेही विहिरीला स्वतःचं नाव सांगितलं — थुन न्यो, तेलघाणीवर कामाला! असं, पत्त्यासकट.

मग हे गाणं दुसऱ्या कुणाचं असेल?

आवाज वेगळा वाटतो, खरं आहे. वाटू दे! तेव्हा तो बावीसचा होता.

शुद्ध ८

गालांना थनाखाचा लेप लावला. पुसला. पुन्हा लावला. आरशाचा काय दोष!

शुद्ध १०

तो गेला तेही तबाऊंगातच. जत्रेला नाटकमंडळी आली होती, त्यांचा एक गडी आजारी पडला, हा त्याच्या जागी ढोल उचलायला गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या तबाऊंगला येतो." मी म्हणाले, "ये." एवढंच बोलणं झालं. जास्त काही बोलायचं सुचलं नाही. आता सुचतं. तांदूळ निवडताना सुचतं, हजेरी घेताना सुचतं.

नंतर दोनदा मागणी आली. मी शाळेचं कारण सांगितलं. शाळेने कधी तक्रार केली नाही.

शुद्ध १३

मंडप झाला. ऊ छिट पे ओरडून ओरडून घसा बसवून घेतायत. विहिरीवर बायकांनी गाठलंच.

"सयामा, नवी लुंगी? जत्रा पॅगोडाची का गायकाची?"

"दोन्हीकडे हातच जोडायचे असतात."

"एका ठिकाणी जोडून सोडायचे, सयामा. दुसऱ्या ठिकाणी धरायचे!"

हसून हसून कुणाची तरी घागर फुटली. मीही हसले. किती दिवसांनी.

शुद्ध १४

आला. तो नव्हे.

लॉरीतून उतरला — बुटका, रुंद कपाळाचा, पान खाल्लेला. थुन न्योच्या डाव्या भुवईत खाच होती. भुवई बदलत नाही. ऊ छिट पे धावत गेले, मिठी मारली, "किती बदललास रे थुन न्यो!" त्या माणसाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून नमस्कार केला. झालं! सगळं गाव रडायला लागलं.

मी हार घेऊन मागे उभी. मावशीने माझ्या हातातून हार काढून घेतला, पुढे गेली, त्याच्या गळ्यात घातला. घरी येऊन तीळ पाखडायला बसली. 'मी म्हणत होते ना' म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पौर्णिमा

सकाळी विहिरीवर गेले तर तो तिथे. एकटा. आत वाकून बघत होता.

"तुम्ही सयामा न्वे," म्हणाला. "मी कुणाला न विचारता आलो. डावीकडे चिंच, उजवीकडे मोडका कठडा. तुमचं गाव मला पाठ आहे."

"तुम्ही कुठले?"

"मी खालचा, नदीकाठचा. आमच्या गावाचं नाव 'म'वरून, म्हणजे गुरुवारचं. मी पडलो रविवारचा. ज्योतिषी म्हणाला, रविवारच्या अक्षराचं गाव लाव, नाहीतर आवाज बसेल. आता रविवारचं गाव कुठून आणू? थुन न्यो शेजारी विडी ओढत होता. म्हणाला, माझं घे. मला लागत नाही."

मला लागत नाही!

"आणि गाणी?"

"सगळी त्याची. मी नुसता घसा." हसला. दात लाल. माणूस वाईट वाटला नाही, त्याचाच राग आला.

"आहे?" मी विचारलं.

"आहे की! दावे शहरात, आमच्या नाटकमंडळीच्या घरी. धडधाकट. पडदे रंगवतो, गाणी लिहितो, स्वतःपुरता भात शिजवतो आणि करपवतो. बायको नाही, पोर नाही. दर तबाऊंगला मी त्याच्याशी डोकं फोडतो — अरे, एकदा जाऊन ये. तर म्हणतो, गेलो तर लिहू काय? ती समोर आली की गाणी संपली."

पोहरा वर आला तो अर्धा सांडला. त्याने हात लावला. मी लावू दिला.

"सयामा, गावाला खरं सांगू? काल म्हाताऱ्याने मिठी मारली, मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो."

"नको. त्यांना आज गाणं ऐकू दे."

"आणि तुम्ही?"

"तुमची लॉरी कधी निघते?"

"उजाडताना, थेट दावेला. का?"

"उगाच."

दिवसभर घरात बसले. इतकी वर्षं मी काय काय धरून चालले होते! आजारी असेल. बायको असेल. तुरुंगात असेल. मेला असेल — त्याचीही तयारी केली होती, मठात त्याच्या नावाने दोनदा दान दिलं होतं. विसरला असेल, हे तर रोजचंच. पण विसरला नाही. आठवण काढत तिकडे बसलाय, आरामात, पोटापाण्याची सोय करून! मी इथे विहिरीवर वाकते, तो तिकडे ओळ जुळवतो. मी म्हातारी होते, तो दुसरं कडवं लिहितो.

आणि तरी — करपलेला भात खातो म्हणे. कुणी सांगायला नाही, की जाळ कमी कर.

मंडपातून ढोल ऐकू येतायत. मावशी दारात उभी राहून विचारते, "जायचं नाही का गं?"

जायचंय, म्हणाले.

वद्य १, सकाळ

लॉरी उजाडताना निघाली. मावशीने भात बांधून दिला, कुठे ते विचारलं नाही. ओन शेइन मला बघून म्हणाला, "सयामा, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही." मग ड्रायव्हरशेजारची आपली जागा मला देऊन मागे ढोलांमध्ये जाऊन बसला.