खिशातला कंगवा

आप्पा,

तुमचा कंगवा माझ्याकडे आहे. आईने तुमच्या काळ्या कोटासकट तो पेटीत ठेवला होता. कोट कसरीने खाल्ला, कंगवा राहिला. बोटभर लांबीचा, पितळी, दोन दाते मोडलेला. नव्या माणसाला वाटायचं, ग्रेडरसाहेबांना भांग पाडायची हौस दिसते. भांग कुठला पाडणार, टक्कल होतं तुम्हाला! कंगवा कापसासाठी होता. शहाद्याच्या सरकारी खरेदी केंद्रावर गाडी आली की तुम्ही हात कोपरापर्यंत आत खुपसून तळातला कापूस काढायचात, त्यातली एक सरकी निवडून तिच्यावरचा धागा दोन्ही अंगांनी विंचरायचात आणि काळ्या बाहीवर धरून लांबी बघायचात. मग तोंडातून निघायचं: पहिली प्रत, दुसरी प्रत, नाहीतर परत. त्या काळी कापूस सरकारशिवाय कुणाला विकायची सोय नव्हती. गुजरातची हद्द हाकेवर, पण तिकडे गाडी वळवली तर नाक्यावर धरायचे. म्हणजे तुमचा शब्द हाच बाजार होता, आणि तुम्हाला त्याचा काय माज होता!

माजच म्हणते. आज गोड बोलायला बसलेली नाही मी. घरी रशियाचं ते गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं. वाचून झालं की त्याची कव्हरं माझ्या वह्यांना घालायचात. एका वहीवर रुमाल बांधलेल्या, हसत कापूस वेचणाऱ्या बायकांचा फोटो होता. त्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "देख पोरी, तठे बठ्ठं सरकारच लेस. तठे व्यापारीनी ठगबाजी चालस नही." सगळं सरकारच घेतं तो देश म्हणून मी तो फोटो वर्षभर बघितला. त्या बायकांना हसायला कुणी सांगितलं होतं, हे कळायला मला पुढे शिक्षण, नोकरी आणि अर्धं आयुष्य लागलं.

आता मामाचं. तुम्ही हयात असताना हे बोलायची माझी छाती झाली नाही. पौषातले दिवस, ब्राह्मणपुरीहून मामाची बैलगाडी आली होती. रांग केंद्राच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी त्याचा नंबर लागला तेव्हा मी तुमचा डबा घेऊन तिथंच उभी होते. तुम्ही हात घातलात, मूठ दाबलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "हाऊ कापूस वल्ला शे. घर परत ली जा." मामा हसला, त्याला थट्टा वाटली. म्हणाला, "दाजी, दोन रात उघडावर उभा शे. दव पडनं त्यामा मन्हा काय दोष?" तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. "आठे नातं चालस नही," एवढं बोलून पुढच्या गाडीकडे वळलात. अहो, दव तुमच्या रांगेतलं होतं! केंद्र वेळेवर उघडलं असतं, एकाच्या जागी तीन ग्रेडर असते, तर ती गाडी कोरडी ठणठणीत उतरली असती. सरकारने ओला केलेला कापूस सरकारनेच ओला म्हणून परत पाठवला, आणि लोक म्हणाले, वा, माणूस असावा तर असा, सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. मामाने त्यानंतर आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. दर भाऊबीजेला आई ताट मांडून दारात बसायची, दुपार कलली की ताट उचलून चुलीपाशी न्यायची आणि तुम्हाला त्याच ताटात वाढायची. तुम्ही ते संपवायचात.

तेही मी गिळलं असतं. तत्त्वाचा माणूस, असं म्हणून मिरवलंही असतं. पण मामाची गाडी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन आले होते. तुम्ही मला बघितलं नव्हतं. मागच्या फाटकातून एक ट्रक आत आला, ताडपत्रीखालून पाणी ठिबकत होतं. माझ्यासारख्या शाळकरी पोरीलाही दिसत होतं की हे दव नव्हे, बादल्यांनी मारलेलं पाणी आहे. तुम्ही कंगवा काढलात. तेवढ्यात ऑफिसातून बाबू धावत आला आणि कानाशी म्हणाला, "साहेब, वरून फोन शे." तुम्ही कंगवा खिशात टाकलात. कापसाला बोटसुद्धा न लावता वहीत पहिली प्रत लिहिलीत, मग नळावर जाऊन कितीतरी वेळ हात धुतलेत. मी डबा पायरीवर ठेवून पळाले. तो प्रसंग पाठ आहे मला, आप्पा. शेतीचं अर्थशास्त्र शिकले ते त्या रागावर शिकले. वर्गात मुलांना सरकारी खरेदी का बुडाली ते शिकवताना डोळ्यांपुढे तोच ट्रक असायचा.

आणि यंदा मला तुमच्या त्या मासिकातल्या देशात पाठवलं. आता तो एक देश राहिलेला नाही, त्याचे कितीतरी झाले. त्यातल्या एका कापसाच्या देशात मी एका परदेशी संस्थेतर्फे सल्लागार म्हणून तीन महिने होते. काय पेरायचं, कुणी वेचायचं, कुणाला द्यायचं, असं सगळं जिथं सरकार सांगायचं, तिथं आता सरकार एकेक गोष्टीतून हात काढून घेतंय. पेरणीच्या सक्तीतून काढला ते उत्तमच झालं. पण मी होते त्या तालुक्यात सगळा कापूस एकाच कंपनीने घ्यायचा असं ठरलं होतं. राहता राहिलं प्रत ठरवणारं सरकारी केंद्र: एक खोली, चार बायका. ते ठेवायचं की प्रतही कंपनीनेच ठरवायची, यावर मला अहवालात एक परिच्छेद लिहायचा होता. अख्ख्या तालुक्याच्या कापसाचा निवाडा त्या खोलीत होत होता. शेतकऱ्याला दुसरं दार नव्हतं.

त्या चौघींतली थोरली माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, सोन्याचे दात, डोक्याला रुमाल. तिने सरकी उचलली, एप्रनच्या खिशातून कंगवा काढला आणि धागा दोन्ही अंगांनी विंचरला. मी पर्समधून तुमचा कंगवा काढून तिच्यापुढे धरला तेव्हा ती मोठ्याने हसली. मी दुभाष्यामार्फत तिला सरळ विचारलं, जुन्या राजवटीत वरून फोन यायचे का? म्हणाली, "यायचे की. ते सांगतील ती प्रत मी लिहायचेसुद्धा. पण फोन रोज येत नसे. बाकीचे दिवस माझे होते." मग तिने मलाच विचारलं, "विकत घेणाराच प्रत ठरवणार असेल, तर त्याला फोन करायची तरी गरज काय?"

परत आल्यावर शहाद्याला गेले. तुमचं केंद्र बंद होऊन जमाना झाला, आवारात बाभळी माजल्यात. जिनिंग कारखान्यावर व्यापाऱ्याचा माणूस खुर्चीतून न उठता वरच्या वर चिमूट घेतो आणि म्हणतो, "काका, कवडी शे." पांढराशुभ्र कापूस, आणि म्हणे कवडी, किडका-डागी! माझ्यासमोर एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग दाद कोनकडे मांगू?" खुर्चीतल्या माणसाने पुढच्या गाडीला हात केला. तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि त्याचाही मला संतापच आला. कारण तुम्ही मंडळींनी ते सरकारी प्रतवारीचं टेबल असं नासवलं नसतं, तर ते मोडताना लोकांनी टाळ्या वाजवल्या नसत्या.

रात्रंदिवस खपून मी परिच्छेद लिहिला. प्रत ठरवणारं टेबल सरकारचंच हवं, त्यावर फोन नको, आणि शेतकऱ्याला दुसऱ्यांदा तपासणी मागायचा हक्क हवा. चांगला पानभर उतरला होता. परवा आमच्या गटप्रमुखांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. म्हणाले, "मॅडम, अहवाल उत्तम आहे. तेवढं एक पान जरा सुरात बसत नाही. वरच्यांचं म्हणणं आहे." पुढच्या कामासाठी माझं नाव धरलंय, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

हे पत्र त्याच पानाच्या पाठीवर लिहिते आहे. ते अहवालातून काढलं, आप्पा. मी काढलं. वाद घातला नाही, एक दिवसाचा वेळही मागितला नाही, "बरं सर" म्हणाले. तुमचा कंगवा तेव्हा समोर टेबलावर होता. फोन ठेवल्यावर तो उचलून मी पर्सच्या आतल्या खिशात टाकला, आणि उठून हात धुवायला गेले.