नांगर कुणी टाकला

प्रिय व्लाहो,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस.

तुझा नवा फोटो पाहिला. ओले केस, भरलेले डोळे, खाली मजकूर: ‘समुद्राचं रडणं आम्हाला ऐकू येतं.’ अरे, तुला बोटीवरच्या बोटीवर मारलेली हाक ऐकू येत नाही! बारा वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात आपण समुद्र वाचवायला संस्था काढली, तेव्हा समुद्रतळाचं गवत मोजायला तू रोज पाण्यात उतरायचास. आता देणगी देणारे पाहुणे आले तरच उतरतोस. आणि तू संस्थेत आणलेली ती लिदिया मासळीचं कालवण चाटूनपुसून खाते नि मासेमारांना खुनी म्हणते. छान माणसं जमवलीस.

मे महिन्यातला तो दिवस आठव. मी म्हटलं, बोट खडकाला बांधू, इथे खाली गवत आहे. तू म्हणालास, “पेरिना, कुरकुर पुरे. फोटोला उजेड इथेच चांगला आहे, टाक नांगर.” मी टाकला. ओढून काढला तेव्हा मुळांसकट गवताचा भाराच वर आला. वर्षाला जेमतेम बोटभर पसरणारं ते गवत! पाहुणे बघत होते, म्हणून तू क्षणात चेहरा पाडून म्हणालास, “बघा, मासेमारांनी उपटलेलं गवत आपल्या नांगराला अडकलं. काय करून ठेवतात हे लोक!” त्यांनी फोटो काढले. मी गप्प राहिले. तुझी किळस येते, पण त्या गप्प राहण्याची जास्त येते.

फोटो छापून आले आणि चौकशी लागली. त्या खाडीत मासे धरतो एकटा शिमेकाका. त्याचा परवाना जाणार, हे तुला ठाऊक आहे. काल तो माझ्या दारात आला. मला वाटलं, शिव्या घालील. म्हणाला, “पोरी, चाळीस वर्षं खडकाला दोर बांधून मासे धरतोय. गवतात नांगर टाकायला मी काय शहरातून आलोय? बोट विकू का, तेवढं सांग.” बसला नाही, कॉफीही घेतली नाही.

शिमेनंच नांगर टाकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं, असा कागद तू सहीसाठी पाठवलास. त्यावर सही केलेली नाही. आज सकाळी बंदराच्या कचेरीत जाऊन दुसऱ्या कागदावर केली: नांगर संस्थेच्या बोटीचा, हुकूम व्लाहोचा, हात माझा. संस्था बुडेल, माझी नोकरीही जाईल. तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

कधीकाळी तुझीच,
पेरिना