धरणीला चाटवलेलं सोनं

१२ जानेवारी १९३८

पुसेगावच्या पुढं टेकडीवर राहुटीत मुक्काम. हट्ट्याची शाळा सोडून मी दगडांच्या थैल्यांवर नंबर घालत बसलोय – अक्षर चांगलं असल्याची शिक्षा! टेकडीत पांढऱ्या गारगोटीची शीर आहे. तिच्यात सोनं आहे का, हे कंपनीच्या साहेबाला बघायचंय. सात खड्डे घ्यायचे, गारगोटी फोडून थैलीत भरायची, मोहर मारायची, हिंगोलीहून रेल्वेनं हैद्राबादेला तपासायला धाडायची.

खोदायला खालच्या तांड्यावरची माणसं. त्यांच्या नाईकानं, भीमसिंगनं, आधीच विचारून घेतलं – सोनं लागलं तर आमचं काय? साहेब सरळ बोलला. लागलं तर तांडा उठणार, नाही लागलं तर आम्ही उठणार.

१४ जानेवारी

पहिल्या खड्ड्याची थैली भरली. बोटं सोलली.

१७ जानेवारी

दुसऱ्या खड्ड्याची कड ढासळली, शंकरसिंगचा पाय मोडला. फार ओरडला बिचारा. मग कुणी खाली उतरेना. भीमसिंगची आई जिवनबाई मला म्हणाली, धरणी रागावली, मास्तर, तुमी शिकलेले, सांगा कसं करावं?

आणि मी सांगितलं! आमच्या घरी विहीर खणताना पहिला घाव घालायचा तिथं सोनं उगाळतात. तान्ह्या लेकराला मधातून सोनं चाटवतो ना, तसं धरणीला चाटवायचं. म्हातारीनं नाकातली सोन्याची भुरिया काढली, खाली उतरून गारगोटीवर घासली. माणसं कामाला लागली. साहेब तेव्हा राहुटीत दाढी करत होता. मला आपलं बरं वाटलं.

३० जानेवारी

सातही थैल्या रवाना. पुन्हा कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी

हैद्राबादेचा कागद आला. पहिल्या खड्ड्यात काही नाही. बाकी सहाही खड्ड्यांत सोनं!

साहेबानं गोरेगावहून पेढे मागवले. भीमसिंगलाही एक दिला. त्यानं तो पागोट्याच्या टोकात बांधला. आज्यानं दगड वेचून केलेली वावरं आहेत त्याची. मग म्हणाला, "मास्तर, आता जावं कुठं?" मी उरलेल्या रिकाम्या थैल्या आवरायला लागलो. थैल्या आवरलेल्याच होत्या.

२२ फेब्रुवारी

तांड्यावर गेलो. जिवनबाईनं ताक दिलं. द्यायला वाकली तेव्हा भुरिया दिसली. एका बाजूनं पार झिजलेली, कागदासारखी! विचारलं, हे कशानं? म्हणाली, तुमीच सांगितलं ना? रोज सकाळी नवीन घावाच्या जागी घासत राहिले, म्हणून तर लेकरं नीट वर आली.

पहिला खड्डा मी सांगायच्या आधीचा. त्यात काही नाही. बाकी सहांत आहे! ती घासलेलीच गारगोटी आम्ही फोडली, थैलीत भरली, वरून मी नंबर घातले. ते टेकडीचं सोनं नाही, म्हातारीच्या नाकातलं आहे. माझ्या तोंडाला आग लागो. ताक तसंच ठेवून उठलो.

२३ फेब्रुवारी

साहेबाला सगळं सांगितलं. आधी हसला. मग पहिल्या खड्ड्याचा आकडा पुन्हा पुन्हा बघत बसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, तीन नवे खड्डे घेऊ. मजूर गोरेगावचे. गारगोटी तुम्ही एकट्यानं फोडायची. पण तांड्यात एक शब्द बोललात तर तुमचं काहीच ऐकणार नाही – सोनं निघालं तरी तांड्याची माणसं म्हणतील, तिथंही आम्हीच घासलं.

कबूल केलं. बोलायची गरजही नाही. म्हातारी घासते ती आपल्या माणसांसाठी. आता तांड्याचं कुणी खाली उतरणारच नाही, मग ती कशाला घासेल? टेकडी कोरी निघणार. तांडा वाचला!

२६ फेब्रुवारी

वाटेत भीमसिंग भेटला. आमाला कामावरून काढलं काहून, विचारत होता. त्याला वाटलं, तांडा उठवायची तयारी चालू झाली. साहेबाला शब्द दिलेला, मी पुढं चालू लागलो.

१ मार्च

तिन्ही खड्ड्यांत उतरलो, मीच फोडलं. मोहरा साहेबानं मारल्या. खांदे भरून आलेत. पण इतका आनंद कधी झाला नव्हता!

१९ मार्च

कागद आला. तिन्ही खड्ड्यांत सोनं. आधीपेक्षा जास्त.

मला काही कळेना. म्हणजे टेकडीतच आहे? मग पहिला खड्डा? साहेबाला म्हणालो, अजून एकदा बघू. तो म्हणाला, मास्तर, एकदा ऐकलं तुमचं, आता पुरे. कागद घेऊन संध्याकाळच्या गाडीनं हैद्राबादेला गेला. तांडा उठवायचा हुकूम पुसेगावच्या चावडीवर लागला.

२० मार्च

तांड्यावर भांडी बांधणं चालू होतं. जिवनबाईचं नाक मोकळं. भुरिया कुठंय विचारलं.

"तुमी सोता उतरणार म्हणून ऐकलं, मास्तर. पहाटंच जाऊन तिन्हीकडं सगळी घासली. तुमचीबी आई वाट बघत असंल ना."