खाणीतला करंडा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी पातेल्यातल्या दुधाची पातळी बघत आलो. घरात मी एकटा. दूध पिणार कोण? पण स्वयंपाकघरातून बाहेर पडताना नजर जायचीच. ही नजर तुझी. लाडवाच्या डब्याचं झाकण तू मुद्दाम जरा वाकडं लावायचीस, आणि संध्याकाळी ते सरळ दिसलं की माझी उलटतपासणी. कामाला नवीन बाई लागली की पहिल्याच दिवशी चांदीचा चमचा ओट्याच्या कोपऱ्यात, विसरल्यासारखा. 'विश्वास पानिपतात गेला,' असं म्हणून तू चहा गाळायला घ्यायचीस. मी विम्याच्या कार्यालयात दाव्यांच्या चौकशीवर लागलो तेव्हा साहेब माझी वाखाणणी करायचे. शिकवणी घरची होती, हे त्यांना काय माहीत?

मुली बघायला जायचो ते दिवस आठवतात. नारायण पेठेतलं एक घर, पोह्यांवर पेरलेलं ओलं खोबरं, आणि ती मुलगी मोकळेपणानं हसून बोलते आहे. मला ती आवडली आहे. आपण जिना उतरतो आणि तू म्हणतेस, "फार मोकळी आहे. इतकं मोकळं कुणी उगाच नसतं." पुढच्या घरातली मुलगी मान खाली घालून बसते, तर तुझ्या मते ती काहीतरी लपवते. एकदा मी म्हणालो, "आई, माणसानं बसावं तरी कसं?" त्यावर तू दिवसभर माझ्याशी बोलली नव्हतीस. तुला मी दोष देत नाही, असं लिहिणार होतो. पण देतो. ती नारायण पेठेतली मुलगी मला हवी होती, आणि मी तुझ्यासमोर तोंड उघडलं नाही. शेवटच्या आजारपणात तू कपाटातून एक चांदीचा करंडा काढायला लावलास. "सुनेसाठी केला होता. ठेव," एवढंच म्हणालीस. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होतो. करंडा फडक्यात गुंडाळून ठेवून दिला.

आता वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल. तुझ्या माहितीतल्या नाहीत, नंतर आल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. नवरा कधीच गेला, मुलं नाहीत. त्यांना जिओकॅशिंगचं वेड. म्हणजे काय, तर कुणीतरी रानात एक डबा लपवतं आणि त्याचं ठिकाण फोनवर टाकतं. आपण फोन हातात धरून तिथवर चालत जायचं आणि डबा शोधायचा. आत चिल्लर वस्तू असतात. त्यातली एक हवी तर घ्यायची, पण तिच्या तोलाचं काहीतरी ठेवायचं, आणि डबा होता तिथेच लपवायचा. राखण कुणाची नाही. मी विचारलं, "आणि घेऊन कुणी ठेवलंच नाही तर?" त्या म्हणाल्या, "मग नाही ठेवलं. तुम्ही काय पंचनामा करणार?"

पहिल्यांदा गेलो तो खेळ समजून घ्यायला नव्हे, त्यांना यातून काय मिळतं ते बघायला. मग जातच राहिलो. भल्या सकाळी स्वारगेटहून एसटी धरायची, कधी ताम्हिणीच्या जंगलात, कधी एखाद्या बंद पडलेल्या दगडखाणीवर. बाई कपारीत बेधडक हात घालतात. मी आधी काठी घालतो. त्या डबा उघडून लहान मुलीसारख्या वाकून बघतात, आणि मी आजूबाजूच्या झाडीत कुणी आपल्याला बघत नाही ना, हे बघतो. तरी त्या वाटा मला आवडू लागल्या होत्या. ताम्हिणीत एका ओढ्याकाठी थालीपीठ खाता खाता त्या म्हणाल्या, "दोन मजले, दोन गॅस, दोन कुकर. एकत्र राहू या का? रीतसर लग्न करून. मला आवडेल." मी म्हणालो, "विचार करून सांगतो." खरं तर मला त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. पण इतकं मोकळं कुणी उगाच नसतं, हे वाक्य पोटातून वर आलं. माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, माझ्यामागे कुणी नाही. यांना नक्की काय हवंय?

म्हणून मी तुझा चमचा लावला. घराजवळच्या टेकडीवरच्या जुन्या खाणीत एक डबा होता आणि येत्या रविवारी आम्ही तिकडेच जाणार होतो. आदल्या संध्याकाळी मी एकटा गेलो आणि डब्यात तुझा करंडा ठेवला. दुसरं काही किमती घरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई डबा उघडतात, मी अर्धी पाठ फिरवून खाणीतल्या पाण्याकडे बघत उभा आहे, आणि चष्म्याच्या कडेतून सगळं पाहतो आहे. त्या करंड्यावर वाकल्या. मग करंडा त्यांच्या पर्समध्ये गेला. पुन्हा हात डब्यात गेला, पण काय ठेवलं ते दिसलं नाही. उतरताना त्या नुसत्या हसत होत्या. मला वाटलं, आई जिंकली. आणि इतकं वाईट वाटलं की घरी येऊन मी जेवलोही नाही.

पुढे काही दिवसांनी एकटा जाऊन डबा तपासला. गोट्या, रबरी बेडूक, लाल दोऱ्यात ओवलेली एक जुनी किल्ली. चांदीच्या तोलाचं काही नाही. म्हणजे प्रकरण सिद्ध झालं. त्यानंतर जिन्यात त्या दिसल्या की मी मोबाइल कानाला लावून खाली उतरायचो.

शेवटी एका दुपारी त्यांनीच दार वाजवलं. "अहो, ही कुठली पद्धत? एकीकडे आईचा करंडा ठेवून विचारायचं, आणि मग तोंड चुकवत फिरायचं?"

"माझ्या आईचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी पर्समधून करंडा काढला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. बुडाशी बारीक अक्षरांत कोरलेलं होतं: 'चि. सूनबाईस, सासूबाईंकडून', आणि खाली आपलं आडनाव. कसब्यातल्या सोनाराकडून तू कोरून घेतलं असणार, भांड्यांवर नाव घालायचीस तसं. आई, आयुष्यभर मी लोकांच्या कागदांची मागची बाजू बघत आलो, आणि तुझा करंडा एकदाही उलटा करून पाहिला नव्हता. जिला कधी पाहिलं नाहीस, तिला तू चिरंजीव म्हणून ठेवलं होतंस. पारखलेल्या मुलींना मात्र जिन्यातच निकालात काढलंस. मला तुझा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही बाईंच्या समोर.

त्यांचा आवाज जरा उतरला. "माझी किल्ली तरी घेतलीत का?"

"कसली किल्ली?"

"माझ्या घराची. करंड्याच्या तोलाचं माझ्याजवळ दुसरं काय होतं? जुडग्यातली जादाची काढून ठेवली. म्हटलं, हे हळूच जाऊन घेतील."

घराची किल्ली! टेकडीवर, उघड्या डब्यात! मी तसाच चपला घालून निघालो. चढताना माझा श्वास लागत होता आणि त्या मागून "अहो, सावकाश" म्हणत येत होत्या. डबा उघडला. बेडूक होता, गोट्या होत्या. किल्ली नव्हती. तिच्या जागी कुणीतरी प्लॅस्टिकचा हत्ती ठेवला होता, अगदी नियमानं. बाई खडकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी म्हणालो, "आजच्या आज कुलूप बदलू." त्या म्हणाल्या, "कशाला? कुठल्या दाराची, हे किल्लीवर थोडंच कोरलंय?" मग मी ताम्हिणीतल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. मी वरच्या मजल्यावर राहायला गेलो. करंड्यात ती कुंकू ठेवत नाही, लवंगा ठेवते, हे तुला खपलं नसतं. तो करंडा म्हणजे सापळा होता, हे मी तिला सांगितलेलं नाही. मध्यंतरी तिनं विचारलं, "दुसऱ्या कुणी उचलला असता तर? एवढा तुमचा स्वभाव, आणि भीती नाही वाटली?" मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिनं पुढे विचारलं नाही. तिला सगळं ठाऊक असावं, अगदी त्या खाणीतच कळलं असावं, असा मला दाट संशय आहे. तुझ्याकडून मिळालेला हा एकच संशय, जो खरा निघाला तर मला बरं वाटेल.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तू उत्तरात पहिलं कुलपाचंच विचारलं असतंस. तर ऐक. कुलूप बदललेलं नाही. आमच्या दाराची किल्ली पुण्यात कुणाच्या तरी खिशात फिरते आहे, आणि मी दुपारी त्याच दारामागे आडवा होतो. झोप लागते, आई.