प्रिन्सिपलच्या खोलीबाहेरची खुर्ची

वॉलॉंगॉंग
१४ ऑक्टोबर १९९६

ती. विनीताताईस,

मधुवंतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि गोडा मसाला एकदमच पोहोचले. कस्टम्सने पुडा फोडून पुन्हा चिकटवला होता, त्यामुळे पत्रालाही मसाल्याचा वास लागलाय.

इकडे एक प्रकरण झालं, पण निस्तरलं. नुपूरच्या शाळेतली तीन मुलं तिला रंगावरून घाणेरडं बोलायची. मागच्या महिन्यात बसस्टॉपवर तिचं दप्तर त्यांनी रस्त्यात फेकलं. मी युनिव्हर्सिटीतून रजा काढून थेट प्रिन्सिपलना भेटले. त्यांनी खुर्ची दिली, चहा विचारला, सगळं नीट ऐकून घेतलं. आठवड्याच्या आत मुलांनी नुपूरची माफी मागितली. बसस्टॉपवर त्या दिवशी थोडी धक्काबुक्कीही झाली होती, पण ती दुसऱ्या एका मुलीने केली. आपली त्यात नव्हती, हे मी स्पष्ट सांगितलं. शिरीष म्हणतात, मी चुकून लॅबमध्ये गेले, वकील व्हायला हवं होतं.

नुपूर जरा गप्प आहे. वय तसंच. तुझी आठवण काढते, तिला दोन ओळी लिही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मधू


वॉलॉंगॉंग
२० ऑक्टोबर १९९६

प्रिय मावशी,

नमस्कार. माझं मराठी चुकलं तर हसू नकोस. हे मी आईला न विचारता लिहिते आहे.

आईने तुला रेनीबद्दल सांगितलं नसेल. रेनी माझी सायन्समधली पार्टनर. ती ॲबोरिजिनल आहे, म्हणजे तिचे लोक इथे सगळ्यांच्या आधीपासून राहतात. ती मुलं तिला तेच शब्द बोलतात, सातवीपासून. माझं दप्तर फेकलं तेव्हा रेनीने एकाला ढकललं आणि दप्तर आणून दिलं. मी नुसती उभी होते.

आई प्रिन्सिपलला म्हणाली की आम्ही ब्लॅक नाही, आम्ही इंडियन आहोत, माझे मिस्टर हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहेत, नुपूरला त्या मुलींच्यात धरू नका. मग म्हणाली की मारामारी त्या मुलीने केली. दार उघडं होतं. बाहेर खुर्चीवर रेनीची आई बसली होती, कॉलीन. ती वर्षभर हीच कम्प्लेंट घेऊन येते. तिने सगळं ऐकलं. मी आईच्या शेजारीच होते आणि मीसुद्धा काही बोलले नाही.

रेनीला सस्पेंड केलं. मुलांनी फक्त माझी माफी मागितली. मी फोन केला तर तिच्या भावाने सांगितलं की ती येणार नाही फोनवर.

मावशी, तू टीचर आहेस. आता काय करायचं?

तुझी,
नुपूर


पुणे
६ नोव्हेंबर १९९६

चि. मधूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक.

नुपूरने मला लिहिलंय. तिला रागावू नकोस. तिने विचारलं, कारण तुला विचारायची सोय तिला उरली नाही.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. माझी बहीण परदेशात कशी ताठ उभी राहिली, म्हणून. दुसऱ्या दिवशी नुपूरचं आलं. ते मी कोणालाच वाचून दाखवलं नाही, आणि स्टाफरूममध्ये चहाला बसणंही जमेना. मग वर्गात गेले. माझ्या वर्गात शेवटच्या बाकांवर कोण बसतं आणि त्यांना तिथे कोणी बसवलं, हे इतक्या वर्षांत मी नीट पाहिलंच नव्हतं. तेव्हा तुला उपदेश करायला मी काही उंचावर बसलेली नाही.

पण त्या पोरीने तुझ्या लेकीचं दप्तर उचललं, मधू. प्रिन्सिपलकडे पुन्हा जा. त्या बाईकडेही जा. शिरीषरावांना पटो न पटो.

जा आणि मग मला लिही.
तुझी ताई


वॉलॉंगॉंग
८ डिसेंबर १९९६

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला. मग गेले.

प्रिन्सिपलना म्हटलं की मी अर्धंच सांगितलं होतं. रेनीने माझ्या मुलीला वाचवलं, तिची शिक्षा काढा, मुलांना तिचीही माफी मागायला लावा. ते हसून म्हणाले की दुसऱ्या विद्यार्थिनीबद्दल माझ्याशी बोलता येणार नाही. या वेळी चहा विचारला नाही.

मग कॉलीनकडे. तिने जाळीचं दार उघडलं नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली की दारात येऊन सॉरी म्हणणारे तिने खूप पाहिलेत, मंगळवारी पालकांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हण. शिरीष म्हणाले की आपण इथे नवीन, सध्या हवा बाहेरून आलेल्यांविरुद्ध आहे, कशाला पुढे व्हायचं. तरी मंगळवारी मी बोलले. प्रिन्सिपलच्या खोलीत मी काय म्हणाले होते तेही जसंच्या तसं सांगितलं. नुपूरच्या नेटबॉल टीममधल्या एका आईने त्यानंतर मला हाक मारलेली नाही.

त्या मीटिंगनंतर शाळेने रेनीची शिक्षा रेकॉर्डवरून काढली. पुढच्या वर्षी कॉलीनच्या समाजातल्या एक बाई शाळेत मदतनीस म्हणून येणार आहेत. ही मागणी त्या लोकांची जुनीच होती. पण रेनी आजीकडे नाउराला गेली, तिथल्याच शाळेत जाईल. नुपूरने तिला पत्र टाकलं, उत्तर नाही. नुपूर माझ्याशी बोलते, पण मोजकं.

जानेवारीअखेर रेनीचा धाकटा भाऊ याच शाळेत येतोय. काल कॉलीनचा फोन आला. प्रिन्सिपलना भेटायला जाताना मी बरोबर यावं, म्हणाली. काय बोलायचं ते ती बोलेल, मी फक्त शेजारी बसायचं, कारण मी खोलीत असले की तो माणूस नीट ऐकतो. अगदी साध्या आवाजात सांगितलं तिने, जसं एखादीला छत्री आणायला सांगावं. ताई, फोन ठेवल्यावर मान वर करवेना.

मी जाणार आहे. गप्प बसणार आहे.

जशी आहे तशी तुझीच,
मधू