तुम्ही धोतर का धुवायचात

तात्या, मी तुमच्यावर चिडलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज दुपारपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय.

शेवटच्या वर्षी तुम्ही स्वतःचं धोतर स्वतः धुवायला लागलात. उजाडायच्या आत कालव्यावर जायचात. आई म्हणायची, "मी काय मेलीय का?" तुम्ही म्हणायचात, "बाईनंच का धुवायचं?" आम्हाला केवढा अभिमान! डाळज गावातल्या जयंतीच्या सभेत मी ते उदाहरण देऊन टाळ्या घेतल्या. तुम्ही पुढच्याच रांगेत खाली बघत बसला होतात. धोतरावर रक्त पडत होतं, हे डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तोवर आतड्यातला रोग यकृतापर्यंत गेला होता. "मूळव्याध हाय, तिखट बंद केलं की जाईल," हेच तुमचं पालुपद. लहानपणी मला मंचावर उभं करून "मान वर कर, लाजायला काय चोरी केलीस?" असं दरडावणाऱ्या माणसानं एवढं एक वाक्य घरात बोलू नये?

आता हा आतड्याचा कर्करोग जगभर वाढतोय, तात्या. म्हातारपणाचा म्हणत होते, तो तरण्यांनाही गाठतोय. पुढच्या काळात आपल्यासारख्या देशांत आणखी वाढेल, असं मी वाचतो आणि सभांतून ओरडून सांगतो. लवकर सापडला तर बरा होतो, म्हणून तर संताप येतो. इंदापुरात परवा 'शौच' म्हणालो, तर मागची पोरं हसली आणि पुढचे पुढारी घड्याळ बघू लागले.

आणि आपली धाकटी? अजून चाळिशीही नाही. पावसाळ्यापासून रक्त जातंय आणि मला म्हणते, "मूळव्याध हाय, दादा." तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात! मी तासभर बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरनं तात्यांच्या सगळ्या लेकरांना तपासून घ्या म्हणून सांगितलं हुतं नव्हं? तू घेतलंस का?"

म्हणून उद्या बारामतीत आम्हा दोघांचीही दुर्बिणीची तपासणी आहे. आज माझ्या घरी दोघंही पोट साफ करायचं ते खारट औषध पितोय, आणि संडास एकच. मघाशी तिनं दार बडवलं, "दादा, भाषण संपलं असंल तर भाईर ये!"

तात्या, मी केव्हाच मोकळा झालो होतो. भ्यालो होतो, ते तिला दिसू नये म्हणून आत बसून राहिलो होतो. बाहेर येऊन "औषध लई कडक हाय" एवढंच म्हणालो. खरं तुम्हाला लिहितोय, कारण हा कागद कुठं जायचा नाही.